स्टेरॉइड हार्मोन आणि गाबा रिसेप्टर: मॉन्ट्रियलच्या रॅटपासून नागपूरच्या माइसपर्यंत

नेट-सेटचा अभ्यास करताना हार्मोन्सच्या प्रकरणातलं एक वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. स्टेरॉइड हार्मोन पेशीच्या आत शिरतं, आतल्या रिसेप्टरला चिकटतं आणि केंद्रकात जाऊन जीन चालू-बंद करतं. वाक्य बरोबरच आहे. पण त्याच्यावर विसंबून राहिलात तर आजच्या लेखातली एकही गोष्ट तुम्हाला समजणार नाही. कारण जीनच्या मार्गाने जायला वेळ लागतो, निदान अर्धा-पाऊण तास, बरेचदा त्याहून जास्त. आणि १९४१ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एका माणसाने रॅटना स्टेरॉइड टोचलं, तेव्हा ते काही मिनिटांत झोपले.

तो माणूस म्हणजे हान्स सेल्ये. होय, 'स्ट्रेस' हा शब्द जीवशास्त्रात आणणारे तेच. स्टेरॉइडची इंजेक्शनं पोटाच्या पोकळीत देऊन ते बघत होते, आणि प्रोजेस्टेरॉन व डिऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन दिल्यावर प्राणी शुद्ध हरपून पडायचे, मग काही वेळाने उठून नेहमीसारखे फिरायला लागायचे. मरायचे नाहीत. म्हणजे ही विषबाधा नव्हती, भूल होती. पुढच्याच वर्षी त्यांनी बऱ्याच स्टेरॉइडची रचना आणि परिणाम यांची मोठी जुळवणी छापली. त्यात एक बाब लक्षात येण्यासारखी होती. कोणतं स्टेरॉइड भूल देतं आणि ते हार्मोन म्हणून किती जोरदार आहे, या दोन गोष्टी एकाच मापाने चालत नव्हत्या.

इथे जरा थांबा. आज आपण म्हणू, सोपं आहे, गाबा रिसेप्टर! पण १९४१ मध्ये गाबा मेंदूत असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ते १९५० साली कळलं. स्टेरॉइडचा जीनचा मार्गसुद्धा १९६० च्या दशकात स्पष्ट झाला. सेल्ये यांच्या हातात निरीक्षण होतं, पण ते टांगायला खुंटीच नव्हती. संशोधनाचा इतिहास वाचताना हे तपासायची सवय लावा. त्या वर्षी त्या माणसाला काय माहीत असणं शक्य होतं?

मधली चाळीस वर्षं हा विषय भूलतज्ज्ञांच्या ताब्यात राहिला. १९५५ मध्ये हायड्रॉक्सिडायोन आलं, शिरेला त्रास द्यायचं म्हणून मागे पडलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लॅक्सो कंपनीचं आल्थेसिन ब्रिटनमध्ये आलं. त्यात अल्फाक्सालोन आणि अल्फाडोलोन अशी दोन स्टेरॉइडं होती. भूल छान, पटकन यायची, पटकन उतरायची. अडचण वेगळीच निघाली. स्टेरॉइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात दिलं जायचं. हे द्रावक एरंडेलापासून बनवतात. त्याची काही रुग्णांना जोरदार ॲलर्जी यायची. १९८४ मध्ये माणसांसाठी आल्थेसिन बंद झालं. औषध चांगलं असूनही तेलाने घात केला. हे लक्षात ठेवा, तेल पुन्हा येणार आहे.

आणि गंमत बघा, त्याच १९८४ मध्ये लंडनमध्ये हॅरिसन आणि सिमंड्स यांनी दाखवलं की अल्फाक्सालोन रॅटच्या मेंदूतल्या गाबाचा परिणाम वाढवतं. त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मला वाटतं तो तुलनेचा होता. बीटाक्सालोन नावाचं जुळं रेणू आहे. सगळं सारखं, फक्त तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट उलट्या बाजूला. ते रेणू भूलही देत नाही आणि गाबाचा परिणामही वाढवत नाही. आता जर स्टेरॉइड नुसतं पेशीच्या पडद्यातल्या मेदात विरघळून गोंधळ घालत असतं, तर एक गट इकडचा तिकडे झाल्याने काय फरक पडला असता? फरक पडतो, म्हणजे कुठेतरी नेमकी जागा आहे, कुलूप आहे. ही जागा नेमकी कुठे, हे २००६ मध्ये लंडनच्याच एका गटाने, होसी, स्मार्ट आणि सहकाऱ्यांनी, रिसेप्टरच्या पडद्यात रुतलेल्या भागात दाखवलं. बावीस वर्षं गेली त्यात.

१९८६ मध्ये अमेरिकेत मायेव्स्का, हॅरिसन, श्वार्ट्झ, बार्कर आणि पॉल यांचा 'सायन्स'मधला पेपर आला. तोवर बोलणं औषधांबद्दल होतं. यांनी सांगितलं की शरीरात प्रोजेस्टेरॉनचं विघटन होऊन जे रेणू तयार होतात, तेसुद्धा हेच करतात, बार्बिट्युरेटसारखं. त्यातला आपल्या कामाचा रेणू ॲलोप्रेग्ननोलोन. इकडे पॅरिसमध्ये बोल्यू यांच्या गटाने १९८१ पासून दाखवायला सुरुवात केली होती की मेंदूतली काही स्टेरॉइडं बाहेरच्या ग्रंथी काढून टाकल्या तरी टिकून राहतात, म्हणून 'न्यूरोस्टेरॉइड' हा शब्द आला. म्हणजे मेंदूला स्वतःची झोपेची गोळी स्वतःच्या घरात बनवता येते. या पाच नावांतलं शेवटचं नाव, स्टीव्हन पॉल, ध्यानात ठेवा.

आता कायनेटिक्स. हा शब्द दिसला की बरेच जण पान उलटतात. जळगाव-रावेरकडच्या मुलांना समजवायचं तर मी ठिबकचं उदाहरण देतो. बागेला पाणी किती मिळालं हे फक्त टाकी किती भरलीय यावर ठरत नाही. व्हॉल्व्ह किती वेळा उघडला, दर वेळी किती वेळ उघडा राहिला, आणि कचरा अडकून मध्येच किती वेळ बसला, यावर ठरतं. गाबा-ए रिसेप्टर हा पाच तुकड्यांचा असा व्हॉल्व्ह आहे. गाबा चिकटलं की तो उघडतो, क्लोराईड आत येतं आणि चेतापेशी शांत होते. बेंझोडायझेपाईन औषधं उघडण्याची वारंवारता वाढवतात, बार्बिट्युरेट उघडं राहण्याचा काळ वाढवतात. हा प्रश्न परीक्षेत येतोच येतो. स्टेरॉइडचं काय? १९९२ मध्ये ट्वायमन आणि मॅकडोनाल्ड यांनी एकेका चॅनेलची नोंद घेऊन सांगितलं की दोन्ही. वारंवारताही वाढते, आणि लांब वेळ उघड्या राहणाऱ्या अवस्थांचं प्रमाणही वाढतं.

पण चेतासंधीत खरी मजा बंद होण्याच्या वेळेत आहे. गाबा तिथे जेमतेम एखादी मिलिसेकंद असतं. प्रवाह मात्र त्यानंतर दहा-वीस मिलिसेकंद, कधी अधिक, चालू राहतो. का? कारण रिसेप्टर मध्येच 'डिसेन्सिटाइज्ड' अवस्थेत जाऊन बसतो, गाबाला सोडत नाही आणि पुन्हा उघडतो. १९९७ मध्ये झू आणि विचिनी यांनी दाखवलं की न्यूरोस्टेरॉइड नेमकं या बसण्या-उठण्याला हात घालतं, त्यामुळे प्रवाह ओसरायला जास्त वेळ लागतो. ओसरण्याचा वेळ वाढला म्हणजे शांततेचा प्रत्येक झटका लांबला. हे सगळं नॅनोमोलर प्रमाणात घडतं, म्हणजे शरीरात खरोखर सापडतं तेवढ्यात.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: स्टेरॉइड जास्त, शांतता जास्त. माझ्या मते या विषयातला खरा इतिहास इथून पुढे सुरू होतो, कारण शरीरात हार्मोन एका पातळीवर बसून राहत नाही. ते चढतं आणि पडतं. पाळीच्या आधी पडतं, आणि बाळंतपणानंतर तर कड्यावरून पडावं तसं काही दिवसांत पडतं.

डॉक्टरांना हे रिसेप्टरच्या खूप आधी दिसलं होतं. १८५७ मध्ये लंडनचे चार्ल्स लोकॉक यांनी पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या बायकांना पोटॅशियम ब्रोमाइड देऊन फायदा झाल्याचं सांगितलं. फिटवरचं ते पहिलं खऱ्या अर्थाने चालणारं औषध. त्यामागची त्यांची समजूत अशी की ब्रोमाइड कामवासना कमी करतं आणि फिट तिच्यामुळे येतात. समजूत साफ चुकीची, औषध मात्र बरोबर. आज आपल्याला माहीत आहे की ब्रोमाइड आयन गाबा-एच्याच दारातून आत जातो. असो.

पडण्याचा परिणाम रिसेप्टरवर काय होतो, याची दोन कामं तुम्ही नक्की वाचा. पहिलं १९९७ चं, ॲमस्टरडॅमच्या ब्रुसार्ड यांचं. गाभण रॅटच्या मेंदूत ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशी असतात. बाळंतपणाआधी या पेशींवरच्या निरोधक प्रवाहांना ॲलोप्रेग्ननोलोन लांबवतं, म्हणजे पेशींना दाबून ठेवतं. पिल्लं झाली की त्याच पेशी त्याच स्टेरॉइडला दाद देईनाशा होतात. रिसेप्टरच्या तुकड्यांचं प्रमाण बदललेलं असतं. नंतर त्याच गटाच्या कामातून कळलं की नुसते तुकडे बदलणं पुरेसं स्पष्टीकरण नाही, रिसेप्टरचं फॉस्फोरिलेशनही त्यात आहे. स्वतःच्याच निष्कर्षात अशी भर घालणारे गट मला आवडतात.

दुसरं १९९८ चं, 'नेचर'मधलं, शेरिल स्मिथ यांच्या गटाचं. रॅटना काही आठवडे प्रोजेस्टेरॉन दिलं आणि एकदम थांबवलं. अल्फा-४ नावाचा तुकडा वाढला, प्रवाह लवकर ओसरायला लागला, बेंझोडायझेपाईन चालेनासं झालं, आणि प्राणी फिटला जास्त बळी पडायला लागले. अल्फा-४ तयारच होऊ दिला नाही, तर हे बदल टळले. म्हणजे व्हॉल्व्हमधून पाणी कमी झालं एवढंच नाही, व्हॉल्व्हच बदलला गेला. इथे पाठ केलेलं पहिलं वाक्यही परत येतं बघा. तुकडे बदलायचे म्हणजे जीनला हात लागणारच. जलद मार्ग आणि सावकाश मार्ग एकाच रिसेप्टरवर येऊन भेटतात.

आता नागपूर. जळगावहून रेल्वेने साधारण ४०० किलोमीटर. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातून २००० साली आर. टी. खिस्ती, सी. टी. चोपडे आणि एस. पी. जैन यांचा एक पेपर आला. विषय: माइसच्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत ॲलोप्रेग्ननोलोनचा नैराश्यविरोधी परिणाम. ही चाचणी पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये आणली. काचेच्या उभ्या भांड्यात पाणी, त्यात माऊस सोडायचा. सुरुवातीला तो धडपडतो, मग फक्त नाक वर ठेवून तरंगत राहतो. सहा मिनिटांपैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद निश्चल होता हे मोजायचं. नैराश्यावरची औषधं दिली की निश्चल राहण्याचा वेळ कमी होतो. ॲलोप्रेग्ननोलोन दिल्यावरही तो कमी झाला, आणि तो परिणाम गाबा-एच्या वाटेने येतो का हेही त्यांनी तपासलं. त्याच वर्षी खिस्ती आणि चोपडे यांनी सेरोटोनिनवर काम करणारी औषधं या परिणामात कसा फरक करतात यावर दुसरा पेपर 'ब्रेन रिसर्च'मध्ये छापला. पुढे २००२ मध्ये हिराणी यांच्यासोबत दारूवर, २००४ मध्ये उगले आणि इतरांसोबत ओलान्झापिनवर. एकच रेणू, आणि त्याला एकेक प्रश्न विचारत जाणं.

मी हे का सांगतोय? शिरपूरला, धुळ्याला, जळगावला फार्मसी किंवा प्राणिशास्त्रात संशोधन करू बघणारे विद्यार्थी हा विषय ऐकला की म्हणतात, "सर, आपल्याकडे पॅच क्लॅम्प कुठंय?" नाहीये. कंपनं शोषणारं टेबल, ॲम्प्लिफायर, शिकलेला हात, हे सगळं मोजक्या संस्थांतच मिळतं. पण नागपूरच्या त्या पेपरला लागलं काय? काचेचं भांडं, स्टॉपवॉच, प्राणिगृह, प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी, रसायनं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाचन. १९९८ मध्ये बातमी आली होती की फ्लूऑक्सेटिन-फ्लूवॉक्सामिन घेणाऱ्या नैराश्यग्रस्त रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात ॲलोप्रेग्ननोलोन वाढतं. मग पुढचा प्रश्न उघड होता: हाच रेणू सरळ दिला तर? तो प्रश्न दोन वर्षांच्या आत विदर्भातून विचारला गेला.

आता व्हॉट्सॲपवर फिरवायला तयार असलेलं वाक्य मी आधीच अडवतो. "प्रसूतीनंतरच्या नैराश्यावरचं औषध आधी नागपूरने शोधलं." नाही. नागपूरच्या पेपरमध्ये बाळंतीण नव्हती, माऊस होता. आणि तरंगणारा माऊस निराश आहे की शहाणपणाने दम वाचवतोय, यावर आजही भांडणं आहेत. शिवाय १९९१ मध्ये पर्डी, मॉरो, मूर आणि पॉल यांनी दाखवलं होतं की पोहायला लावण्याच्या ताणानेच रॅटच्या मेंदूतलं ॲलोप्रेग्ननोलोन वाढतं. म्हणजे जो रेणू मोजायचाय, तो चाचणी स्वतःच हलवते. नागपूरचं काम साखळीतली एक चांगली कडी आहे. कडीला कडी म्हटल्याने तिची किंमत कमी होत नाही.

त्याच २००० साली अमेरिकेत ब्लॉख, श्मिट, रुबिनो आदींनी माणसांवर केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत धीट वाटतो. १६ बायका, कोणीही गरोदर नाही. आठजणींना पूर्वी प्रसूतीनंतरचं नैराश्य येऊन गेलेलं, आठजणींना नाही. सगळ्यांना हार्मोन देऊन गरोदरपणासारखी स्थिती आणली आणि मग ती काढून घेतली. पहिल्या आठपैकी पाचजणींचं मन खचलं. दुसऱ्या आठपैकी एकीचंही नाही. चढ सारखा, पड सारखी, परिणाम वेगळा. म्हणजे रक्तातली पातळी मोजून उत्तर मिळणार नाही, प्रश्न ती पड झेलणाऱ्या मेंदूचा आहे. २००८ मध्ये मॅग्वायर आणि मोडी यांनी रिसेप्टरचा डेल्टा तुकडा नसलेल्या माइस दाखवल्या. बाळंतपणानंतर रिसेप्टर नीट जुळवून न घेतल्याने त्या माद्या पिल्लांची निगा राखत नव्हत्या.

१९ मार्च २०१९ रोजी अमेरिकेत ब्रेक्सानोलोन मंजूर झालं, प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठीच असं पहिलं औषध. ते म्हणजे ॲलोप्रेग्ननोलोनच. कंपनी सेज, तिच्या संस्थापकांत स्टीव्हन पॉल, १९८६ च्या पेपरमधलं शेवटचं नाव. तेलाचा प्रश्न सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्यांनी सोडवला. ६० तास शिरेतून द्यावं लागायचं, दवाखान्यात देखरेखीखाली, कारण एकदम शुद्ध हरपू शकते असा इशारा औषधावर छापलेला होता. सेल्ये यांच्या रॅटची ही आठवणच म्हणा. किंमत सुमारे ३४,००० डॉलर होती. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच जातकुळीची गोळी, झुरानोलोन, १४ दिवसांच्या उपचारासाठी मंजूर झाली.

आपल्याकडे बाळंतीण रडायला लागली की नजर लागली म्हणतात, नाहीतर "सव्वा महिना होऊ दे, होईल ठीक" म्हणतात. बऱ्याच जणींचं होतंही. पहिल्या आठवड्यातलं रडणं बहुधा आपोआप थांबतं. ज्यांचं थांबत नाही त्यांच्याबद्दल आपल्या शेजारचा एक अभ्यास आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांचा, गोव्यातला, २००२ सालचा. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी, म्हणजे सव्वा महिना उलटून गेल्यावर, तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगी झालेली असणं. यादीत एकही रिसेप्टर नाही.

मग गाबाची सगळी गोष्ट इथे बाद होते का? मला नाही वाटत, आणि त्याचं कारणही २००० सालच्याच एका पेपरमध्ये आहे. इटलीतल्या सेर्रा आणि सहकाऱ्यांनी रॅटना काही आठवडे पिंजऱ्यात एकेकटं ठेवलं. दुसरं काही केलं नाही, हार्मोन दिलं नाही, काढून घेतलं नाही. त्यांच्या मेंदूतलं ॲलोप्रेग्ननोलोन कमी झालं, आणि गाबा-ए रिसेप्टरचं कामही मंदावलं. बाळंतपणानंतरची हार्मोनची पड आणि असं एकटेपण एकाच मादीच्या वाट्याला आलं तर रिसेप्टरच्या कोणत्या तुकड्याचं काय होतं, निरोधक प्रवाह किती लवकर ओसरतो, आणि ती पिल्लांकडे बघते का? यातला शेवटचा प्रश्न मोजायला पॅच क्लॅम्प लागत नाही. पिंजरे लागतात, रात्रीचा कॅमेरा लागतो, आणि मंजुरीचा अर्ज वेळेत भरावा लागतो.